नाडी मोजणारं घड्याळ

मी स्टॉपवॉच बोलतोय. मनगटावरचं घड्याळ नव्हे, भिंतीवरचंही नव्हे. किती वाजले, हे मला कधीच सांगता आलं नाही. कुणी माझी कळ दाबली की माझा काटा पळू लागतो, पुन्हा दाबली की थांबतो, आणि तिसऱ्यांदा दाबली की झालं गेलं सगळं पुसून शून्यावर जातो. माझं एवढंच काम. पण हे काम करता करता मी दोन माणसांची छाती फार जवळून ऐकली, म्हणून आज बोलायला बसलोय.

माझा जन्म पंच्याऐंशी सालचा, बंगळूरकडच्या एका कारखान्यातला. पोटात पोलादी स्प्रिंग, अंगावर निकेलचा पत्रा, डोक्यावर चावीची मूठ. एका खोक्यात बसून औरंगाबादला आलो आणि गुलमंडीवरच्या खेळाच्या सामानाच्या दुकानात काचेच्या कपाटात पडून राहिलो. तिथून मला काकासाहेब दांडग्यांनी नेलं. सव्वीस वर्षांचा, ताठ मानेचा माणूस. कन्नड तालुक्यातल्या पिशोरच्या शाळेत नुकताच खेळाचा मास्तर म्हणून लागला होता. त्यानं मला काळ्या दोरीत ओवलं आणि गळ्यात घातलं. त्या दिवसापासून मी त्याच्या छातीवर.

मैदानावर एक गोष्ट माझ्या लवकर लक्षात आली. पोरं धावत आली की मास्तर आधी माझ्याकडे बघतो, मग पोरांकडे. पोरंही तशीच. धापा टाकत येतात, गुडघ्यांवर हात टेकतात आणि विचारतात, "सर, किती?" आपल्याला कसं वाटतंय, हे त्यांना माझ्याकडून जाणून घ्यायचं असतं. मला या गोष्टीचा तेव्हा अभिमान वाटायचा.

पिशोरच्या पोरांत पुंजाराम म्हणून एक होता. अकरावीत शिकायचा. पाय असे हलके की मागं धूळसुद्धा उडायची नाही. पंधराशे मीटरला जिल्ह्यात त्याच्या तोडीचा कुणी नव्हता. सर त्याला घरचं दूध पाजायचे, स्वतःचे बूट द्यायचे. एक्क्याण्णव साली त्याची विभागीय स्पर्धेसाठी निवड झाली आणि त्याच महिन्यात तो आजारी पडला. छातीत कफ, अंगात ताप. डॉक्टरांनी निमोनिया सांगितला, गोळ्या दिल्या आणि महिनाभर पळायचं नाही म्हणून बजावलं. दहाव्या दिवशी पुंजाराम मैदानावर हजर.

"ताप गेला का?" सरांनी विचारलं.

"गेला, सर."

बस्स, एवढंच. खोकला आहे का, जिना चढताना धाप लागते का, झोप लागते का, यातलं एकही विचारलं नाही. स्पर्धा चार दिवसांवर होती. सरांनी माझी कळ दाबली.

तिसऱ्या फेरीत पुंजारामनं छातीवर हात नेला. मला ते दिसलं, कारण सरांच्या तळहातावर मी त्याच्याकडे कललेला होतो. सरांना दिसलं नाही. ते माझ्याकडे बघत होते. वेळ चांगली लागत होती, आजवरची सगळ्यात चांगली. मग पोरांचा ओरडा झाला. सरांनी मान वर केली तेव्हा पुंजाराम चुन्याच्या रेषेवर पालथा पडला होता. सर धावले, माझी दोरी तुटली, मी त्यांच्या हातातून निसटलो आणि दगडावर आपटलो. माझ्या काचेला तेव्हा जी चीर गेली ती आजही आहे.

पुंजाराम वाचला. पण आजार हृदयापर्यंत गेला होता. हृदय सुजलं आणि पुढं कधी पूर्वीसारखं झालं नाही. दोन महिने तो शहरातल्या दवाखान्यात होता. सर रोज सकाळी एसटी स्टँडवर जायचे, औरंगाबादची गाडी लागायची, भरायची, सुटायची. सर फलाटावर उभे. मी त्यांच्या खिशात असायचो म्हणून मला ठाऊक. एकदाही ते गाडीत चढले नाहीत. वर्ष संपायच्या आत त्यांनी अजिंठ्याच्या शाळेत बदली मागून घेतली.

पुढची पंचवीस-सव्वीस वर्षं मी बरीच गावं बघितली. सरांनी नियम केला होता. ज्याला खोकला, ज्याला ताप, त्यानं मैदानावर पाय ठेवायचा नाही. नियम कडक होता, पण तो का, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पोरं पाठीमागं हसायची. "सर शिंकेलाबी भेतात," असं म्हणायची.

निवृत्त झाल्यावर सर शहरात राहायला आले. पत्नी आधीच गेली होती, मुलगी पुण्याला. रिकामं बसवेना म्हणून छावणीकडच्या एका मोकळ्या मैदानावर पोलीस भरतीच्या मुलींना शिकवायला लागले. तिथं एक दिवस अजरा आली.

वय वीस. अंगात सैल कुडता, पायात साधे कॅनव्हासचे बूट. बरोबर तिची आई, जोहरा. जोहराबी शाळांचे गणवेश शिवायच्या, दोघींचं घर त्यावर चालायचं. अजराचे वडील ट्रक चालवायचे. सहा वर्षांपूर्वी कन्नडच्या घाटात अपघातात गेले.

"पोलिसातच कामून जायचं?" सरांनी विचारलं.

अजरा म्हणाली, "अब्बूंचा पंचनामा करायला एक बाई आल्या होत्या, सर. कॉन्स्टेबल. त्यांनी आधी अम्मीला पाणी दिलं. मग जमिनीवर तिच्याजवळ बसल्या, बराच वेळ. लिहायचं नंतर लिहिलं. मला तसं व्हायचंय."

सरांनी माझी कळ दाबली. आठशे मीटरला तिला तीन मिनिटं एकतीस सेकंद लागले. भरतीत पूर्ण गुण हवे तर दोन मिनिटं पन्नास सेकंदांत यावं लागतं. दीड वर्ष ती रोज आली. पावसाळ्यात चिखलातून पळाली, रोजे असताना संध्याकाळी हळू चालून गेली. एकेक सेकंद तिनं माझ्या काट्यावरून खरवडून काढला. नोव्हेंबर संपता संपता ती दोन मिनिटं अठ्ठेचाळीसवर आली. सरांनी मला तिच्यासमोर धरलं.

डिसेंबरात थंडी पडली आणि अजराला खोकला झाला. मैदानाचा नियम तिला माहीत होता. ती दूर जाऊन, झाडामागं उभी राहून खोकायची. चार दिवस तसे काढले. पाचव्या दिवशी ती आली नाही. सहाव्या दिवशी जोहराबींचा फोन आला. उजव्या फुफ्फुसात निमोनिया, दवाखान्यात भरती केलंय.

यावेळी सर पहिल्याच रिक्षात बसले.

वॉर्डात गेल्यावर ते अजराच्या पायथ्याशी उभे राहिले. तिच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती. ती म्हणाली, "सर, भरतीचं ग्राउंड जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आहे. होईल ना माझं?" सर बाहेर गेले आणि डॉक्टरीणबाईंची वाट बघत बाकावर बसले. तासाभरानं बाई आल्या. तरुण होत्या, घाईत होत्या, पण सरांनी एकामागून एक असे प्रश्न विचारले की त्यांना थांबावंच लागलं.

"आजोबा, तुम्ही तिचे कोण?"

"मास्तर. तिला पुन्हा पळता येईल का, ते सांगा. आन् कव्हा, तेबी सांगा."

बाई बाकावर टेकल्या. "येईल. तरुण आहे, फुफ्फुस भरून येईल. पण आधी औषधाचा कोर्स पुरा होऊ द्या. गोळीशिवाय ताप आला नाही, असे दिवस जाऊ द्या. रोज सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजायला लावा. तिची नेहमीची जी असेल तिथं ती परत आली पाहिजे. सुरुवात घरातल्या घरात, मग सपाट रस्त्यावर चालणं. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. मध्येच श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त झालाय असं समजायचं. आधी वेळ वाढवायची, वेग नंतर. आज जास्त चालली तर उद्या कमी. आणि छातीत दुखलं, धडधडलं, चक्कर आली, तर तिथंच थांबायचं आणि इकडं यायचं. सहा आठवड्यांनी पुन्हा छातीचा फोटो काढू."

"सहा आठवड्यांनी तर ग्राउंड होऊन जाईल," सर हळूच म्हणाले.

"मग ते होऊन जाईल," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

सहा दिवसांनी अजरा घरी आली. सर तिच्या घरी गेले, मला गळ्यातून काढलं आणि तिच्या हातात दिलं. छत्तीस-सदतीस वर्षांत पहिल्यांदा मी दुसऱ्या कुणाच्या हातात जात होतो. "उठल्यावर खाटेवरून पाय खाली टाकायच्या आधी नाडी मोजायची. अर्धा मिनिट मोज आन् दुप्पट कर. वहीत लिही. बाकी याला हात लावायचा नाय."

आजारापूर्वी तिची नाडी अठ्ठावन्न असायची. पहिल्या सकाळी ती ब्याण्णव भरली. दुसऱ्या दिवशी नव्वद. ती अंगठ्याजवळ बोटं टेकवून माझ्या काट्याकडे बघत बसायची, आणि मला वाटायचं, माझ्याकडे बघून ती मलाच काहीतरी मागतेय. कमी सांग, कमी सांग. माझ्या हातात ते नव्हतं.

ती घरातल्या घरात चालायची, स्वयंपाकघर ते दार. मग गल्लीच्या टोकापर्यंत. जोहराबी मशीन थांबवून तिच्याबरोबर जायच्या. "बोल, बोल," त्या म्हणायच्या. "बोलते बोलते चल. डाक्टरीणने बोली ना." अजरा बोलायची, पण चौथ्या-पाचव्या शब्दाला श्वास तुटायचा. मग ती गप्प राहून चालायची, म्हणजे आईला तुटणं ऐकू येऊ नये.

मैत्रिणींचे फोन यायचे. कुणी दोन एकावन्नवर आली होती, कुणी गोळाफेकीत पुढं गेली होती. अजरा फोन ठेवायची आणि मला उचलून बघायची.

बाराव्या सकाळी नाडी अठ्ठ्याऐंशी भरली. तिनं वहीत बहात्तर लिहिलं.

मग दूध आणते म्हणून निघाली आणि मला ओढणीखाली लपवून थेट मैदानावर गेली. सर त्या दिवशी आपल्या लेकीला आणायला स्टेशनवर गेले होते आणि मैदानाला सुट्टी होती, तिला ते ठाऊक होतं. तिनं रेषेवर उभं राहून माझी कळ दाबली. पहिले शंभर मीटर ती आपली जुनीच अजरा होती. मी तिच्या मुठीत होतो, तिचा घाम मला लागत होता. दीडशेच्या आसपास तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. ती थांबली नाही. दोनशेला तिचे पाय एकमेकांत अडकले आणि ती खाली बसली. बसलीच. ओठ निळसर, डोळे उघडे, तोंडातून शब्द नाही. तिच्या मुठीत माझा काटा चालतच होता. थांबवायला कुणी नव्हतं. रस्त्यानं चाललेल्या दोन बायकांनी तिला रिक्षात घातलं तेव्हा मी एकोणीस मिनिटं मोजली होती.

संध्याकाळी ताप चढला. पुन्हा तीन दिवस दवाखाना, पुन्हा सुया. हृदयाची ईसीजीची पट्टी काढली, ती बरी निघाली. फुफ्फुसातला डाग मात्र आहे तिथंच होता. जोहराबींनी वही डॉक्टरीणबाईंना दाखवली. बहात्तरचा आकडा बघून बाईंनी अजराकडे पाहिलं. अजरानं तोंड फिरवलं.

सर आले तेव्हा ते रागावतील असं तिला वाटलं होतं. ते रागावले नाहीत. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "यंदाचं ग्राउंड सोडून दे."

"नाय सोडणार."

"अजरा, माझं ऐक."

"तुम्ही दीड वर्ष काय सांगितलं? एक सेकंद सोडू नको. आता सगळंच सोड म्हणता. पुढची भरती कव्हा निघंल कुणाला माहीत? अम्मीचे डोळे गेलेत त्या मशीनवर. एवढं भ्यायचं कामून, सर? मी काय मरणार हाय का?"

सर उठून निघून गेले. मी उशाला होतो. मला सांगता आलं असतं, पण घड्याळाला जीभ नसते.

घरी आल्यावर पाच-सहा दिवसांनी मैदानी चाचणीचं प्रवेशपत्र आलं. त्याची प्रत काढायला जोहराबी तिला घेऊन क्रांती चौकाजवळच्या एका दुकानात गेल्या. झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज, फोटो, असं सगळं करणारं छोटं दुकान. मालक खुर्चीवर बसलेला, पन्नाशीचा, पाय सुजलेले, आवाज बारीक. त्यानं संगणकातून कागद काढला, नाव वाचलं, आणि पैसे घ्यायला मान वर केली तेव्हा त्याची नजर अजराच्या गळ्यावर पडली. नाडी मोजायची म्हणून ती मला सारखी जवळ ठेवायची.

"हे घड्याळ कुठून आलं तुझ्याकडं?"

"माझ्या सरांचं हाय."

"दांडगे सर?"

त्यानं हात पुढं केला. अजरानं मला त्याच्या तळहातावर ठेवलं. त्यानं माझ्या काचेवरच्या चिरेवरून नख फिरवलं. मी त्या बोटांना ओळखलं नाही. पण त्या मनगटातून येणारी, चालता चालता अडखळणारी ठोक मला जाणवली.

"हे फुटलं तव्हा म्या तिथंच पडलेलो होतो," तो म्हणाला. "पिशोरचा पुंजाराम. सरांनी कव्हा सांगितलं नसंल."

मग त्यानंच सांगितलं. फार थोडक्यात, गिऱ्हाईक येत-जात असताना. निमोनिया, दहावा दिवस, तिसरी फेरी. जोहराबी स्टुलावर बसल्या. अजरा उभीच.

"काका, तुम्हाला सरांनी जबरदस्ती पळवलं?"

"नाय. सरांनी इचारलं, ताप गेला का? म्या म्हणलो, गेला. गेला नव्हता. रोज सांजच्याला यायचा. म्या खोटं बोललो." तो थोडा थांबला, श्वास घेतला. "पण मास्तरला खोटं वळखता यायला पाहिजे का नको? बत्तीस वर्षं झाली, म्या याचा हिशेब लावतोय. माझं किती, त्यांचं किती. लागत नाय."

अजरानं पलीकडं बघत विचारलं, "सगळ्यांचं असं होतं?"

"सगळ्यांचं कामून होईल? म्या धरून खोकणारे चार जण होतो. तिघं बरे झाले, पळाले, पोराबाळांचे बाप झाले. माझंच झालं. कुणाचं व्हईल ते आधी समजत नाय, एवढंच हाय बघ."

तिनं काय केलं, तर मला त्याच्या हातातून घेतलं आणि त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवली. "बघू?" म्हणाली. त्यानं हात सोडून दिला. तिनं माझी कळ दाबली. दोन ठोके जवळजवळ, मग एक उशिरा, मग एक नाहीच. पुन्हा तीन घाईघाईनं. तिला मोजता येईना. अर्धं मिनिट झालं तेव्हा तिनं कळ दाबली आणि आकडा न सांगता बोटं काढून घेतली.

परतताना जोहराबी रिक्षात एकच वाक्य बोलल्या. "मेरेकू नौकरी नक्को, अजरा. मेरेकू तू होना."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुंजाराम रिक्षानं मैदानावर आला. अजरानं त्याला पत्ता दिला होता, सरांना सांगितलं नव्हतं. सर मुलींना हात-पाय मोकळे करायला लावत होते. पुंजाराम रिक्षातून उतरला, वीस पावलं चालला आणि दम खात कठड्याला धरून उभा राहिला. सरांनी त्याला दुरून बघितलं. मी त्या वेळी अजराच्या गळ्यात होतो, ती कठड्यावर बसली होती. सरांना चालत यायला फार वेळ लागला.

"पुंजा," ते म्हणाले.

"व्हय, सर."

मग सर म्हणाले, "मी दवाखान्यात आलो नाही."

"माय रोज इचारायची. मास्तर आले नाय का, मास्तर आले नाय का. तिला वाटायचं, तुम्ही आले म्हंजे म्या उठून बसंन."

सरांनी खाली बघितलं. ते रडले नाहीत. त्यांचा उजवा हात रिकामाच मुठीसारखा मिटला आणि उघडला. "स्टँडवर यायचो रोज," ते म्हणाले. "गाडीत चढायचा धीर झाला नाही. मी काय सांगणार होतो तुझ्या मायला?"

"काही नसतं सांगितलं तरी चाललं असतं," पुंजाराम म्हणाला. "मला आता तुमच्याकडून काही नको, सर. म्या भांडायला नाय आलो. या पोरीला खरं सांगा म्हणून आलो. नुसतं सोड म्हणून कोण सोडतंय?"

तेव्हा सर अजरासमोर बसले, खाली मातीत, आणि त्यांनी पहिल्यांदा सगळं सांगितलं. स्वतःला वाचवलं नाही. "तो छातीवर हात ठेवत होता आन् मी घड्याळ बघत होतो," हे वाक्य त्यांनी दोनदा उच्चारलं. भोवतीच्या मुली ऐकत उभ्या होत्या. ज्या सरांच्या नियमाला पाठीमागं हसायच्या त्याही.

अजरानं त्या दिवशी होय म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. वहीत मात्र दुसऱ्या सकाळी खरा आकडा लिहिला. शहाऐंशी.

ग्राउंडचा दिवस उजाडला तेव्हा तिची नाडी चौऱ्याहत्तर होती. सपाट रस्त्यावर वीस मिनिटं चालता येत होतं, बोलत बोलत. प्रवेशपत्र शिलाई मशीनच्या खणात होतं. पहाटे ती उठली, मला हातात घेऊन खाटेवर बसून राहिली. जोहराबी जाग्या होत्या, पण त्यांनी हाक मारली नाही. उजाडल्यावर अजरा उठली, चपला घातल्या आणि म्हणाली, "चल अम्मी, चलके आते." दोघी रोजच्या रस्त्यानं निघाल्या. नेहमीच्या वळणावर मागं न फिरता अजरा पुढं चालत राहिली. पोलीस मैदानाकडून शिट्टी ऐकू आली, मग मुलींचा गलका. ती थांबून ऐकत राहिली. तिच्या छातीवर मी होतो. तिचं हृदय पळत होतं, पाय मात्र जागच्या जागी होते. त्या वर्षी तिच्या मैत्रिणींपैकी तिघी भरती झाल्या. त्यांच्या घरचे पेढे तिनं खाल्ले, आणि नंतर मोरीत तोंड धुवायला म्हणून गेली ती अर्ध्या तासानं बाहेर आली.

फेब्रुवारीत छातीचा फोटो स्वच्छ निघाला. डॉक्टरीणबाईंनी हळू पळायची परवानगी दिली. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं. असं पाच वेळा, मग एक दिवस विश्रांती. सर माझ्याऐवजी तिच्या चेहऱ्याकडे बघत उभे राहायचे आणि मध्येच तिला विचारायचे, "आज भाजी काय केली?" तिनं एका दमात उत्तर दिलं तर पुढं जाऊ द्यायचे. एप्रिलात ती थांबल्याशिवाय आठशे मीटर पळाली. चार मिनिटं दहा सेकंद. दोन वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी आली होती त्याहून हळू. ती माझ्याकडे बघत उभी राहिली, पण पुन्हा कळ दाबून आकडा पुसायची घाई तिनं केली नाही.

आज ती तीन मिनिटं दोन सेकंदांवर आहे. दोन अठ्ठेचाळीस पुन्हा येईल का, कुणी सांगू शकत नाही. पुढची भरती अजून निघालेली नाही. तोवर ती सकाळी सरांना मदत करते, कारण सरांना आता फार वेळ उभं राहवत नाही. माझी स्प्रिंगही थकली आहे. मिनिटामागं मी दीड सेकंद मागं पडतो. धावण्याची वेळ घ्यायला सरांनी एक प्लास्टिकचं, बॅटरीचं घड्याळ आणलंय. मला फक्त नाडी मोजायला ठेवलंय. अर्ध्या मिनिटापुरता मी अजून विश्वासू आहे.

हे सगळं मी आज बोलतोय त्याला कारण आहे. मागच्या सोमवारी मैदानावर एक नवी मुलगी आली. सारजा. अजिंठ्याकडची, शहरात मावशीकडे राहते. चांगली उंच, पायात बळ. रांगेत उभी असताना ती खोकली, ओढणी तोंडाशी धरून. अजरा तिच्याजवळ गेली. ताप कधी आला होता, रात्री घाम येतो का, पायऱ्या चढताना काय होतं, असं एकेक विचारत राहिली. मग मला तिच्या मनगटाशी धरलं. एकशे चार.

"आज पळू नको," अजरा म्हणाली. "आधी डॉक्टरला दाखव. चल, मी येते संगं."

"मला काय झालंय?" सारजा म्हणाली. "साधा खोकला हाय. मावशी म्हणती तीन महिन्यांत नाय जमलं तर घरी पाठवीन, लगीन लावतील."

अजरानं तिला पुंजारामचं सांगितलं, स्वतःचंही सांगितलं. सारजानं सगळं ऐकून घेतलं. मग पिशवी उचलली आणि म्हणाली, "दुसरीकडं लई मैदानं हायेत." आणि निघून गेली. अजरा रस्त्यापर्यंत तिच्या मागं गेली. रिक्षा तोवर वळली होती. मावशीचा पत्ता कुणी विचारून ठेवला नव्हता.

गेले पाच दिवस अजरा आणि सर शहरातल्या एकेका मैदानावर जाऊन विचारतायत. अजून ती सापडलेली नाही.

म्हणून तुम्हाला विनंती करतो. उद्या सकाळी तुमच्या भागातल्या मैदानावर एखादी उंच मुलगी ओढणी तोंडाशी धरून खोकताना दिसली, तर तिला किती सेकंद लागले ते विचारू नका. तिच्याबरोबर चार पावलं चाला आणि तिला बोलतं करा. वाक्य मध्येच तुटलं, तर तिला सावलीत बसवा, आणि छावणीकडच्या मैदानावर अजरा वाट बघतेय, एवढं तिला सांगा.